सुई कुणाच्या हातात? गडचिरोलीतल्या नवजात बाळांचं प्रकरण

सार्वजनिक आरोग्याच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. ५४ आणि २.६. कशाचे आहेत ते लगेच सांगत नाही. मुलं अंदाज करत बसतात: साक्षरता, पाऊस, निवडणुकीतली मतं.

आकडे आहेत गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांचे, १९९५-९६ या एका वर्षाचे. त्या वर्षी ७६३ बाळांवर जन्मापासून २८ दिवसांपर्यंत घरोघरी जाऊन लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या सुमारे ५४ टक्के बाळांना त्या महिन्याभरात कधी ना कधी उपचारांची गरज पडली. उपचार पोचले ते फक्त २.६ टक्क्यांपर्यंत. चाळीस बाळं दगावली, म्हणजे हजारी ५२.

वर्गात शांतता पसरते. मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण मॅडम, इतकी आजारी होती तर दवाखान्यात का नाही नेली?" हे सगळं प्रकरण त्या प्रश्नापासून सुरू होतं.

बाळ शांत झालंय

गडचिरोली हा चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळा झालेला जिल्हा. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोघंही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. नवजात बाळांकडे वळण्याआधी त्यांच्या हातून दोन मोठी कामं झाली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासून दाखवलं, की त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहेत आणि याआधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के आहेत. आणि १९९० मध्ये, लहान मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करून बालमृत्यू कमी होतात, हे.

त्या न्यूमोनियाच्या कामातलं एक साधन मला फार आवडतं. श्वास मोजायचा तर मिनिटाला पन्नास-साठपर्यंत मोजावं लागतं, आणि गावातल्या दायांना एवढे मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्याशेजारी मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, की न्यूमोनिया. ज्या बाईला आपण 'अडाणी' म्हणून बाजूला सारतो तिला निदान करता येत नाही, कारण साधन तिच्या मापाचं नाही. मणी दिले की तीच बाई करते.

पण न्यूमोनिया आटोक्यात आला तरी पहिल्या महिन्यातली मरणं थांबत नव्हती. गावातली जवळजवळ सगळी बाळंतपणं घरी होत. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत, ही आपल्याकडे सर्वदूर चालत आलेली रीत. वैद्यकीय पुस्तकं त्या काळी सांगत, की नवजात बाळाचा आजार हा रुग्णालयाचा विषय, तिथे काचेची पेटी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा. म्हणजे एका बाजूला घराबाहेर न पडणारं बाळ, दुसऱ्या बाजूला घरात न येणारं वैद्यकशास्त्र.

आणि आजार ओळखायचा कसा? मोठं मूल आजारी पडलं तर रडतं, किरकिर करतं, ताप चढतो. पंधरा दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ते उलट शांत होतं. दूध ओढेनासं होतं, हातपाय सैल सोडतं, रडणं बारीक होतं. आजी म्हणते, "झोपू दे, काल रात्रभर रडलंय." घरातल्या माणसांचं प्रेम कमी नसतं. आजाराचा चेहराच झोपेसारखा असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गार पडलेलं असतं. वर्गातल्या त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आधी मोजणं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वेळ मोजणीवर घालवावासा वाटतो, कारण विद्यार्थी नेमका तोच भाग उलटून पुढे जातात.

१९९३ ते १९९५ या काळात हस्तक्षेपाच्या ३९ गावांत आणि तुलनेच्या ४७ गावांत जन्म आणि मृत्यू नोंदले गेले. दोन्हीकडची लोकसंख्या साधारण चाळीस-चाळीस हजार. नवजात मृत्युदर एकीकडे हजारी ६२, दुसरीकडे ५८. सरकारी सेवा दोन्हीकडे होत्या तशाच चालू राहिल्या.

मरण मोजणं सोपं वाटतं, पण नवजात बाळाचं मरण मोजणं सगळ्यात अवघड. जन्मून दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ घरचे 'मेलेलंच जन्मलं' म्हणून सांगतात. नाव ठेवलेलं नसतं, पाचवी पुजलेली नसते, सटवाईनं कपाळावर लिहिण्याआधीच गेलेलं असतं. त्याची नोंद करायची तरी कुणाच्या नावानं? माणसाच्या दुःखाच्या बाजूनं पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. पण संशोधनाच्या बाजूनं यात मोठा खड्डा आहे. कुणी कार्यक्रम राबवला आणि पहिल्या दिवशीची मरणं हळूच 'मृतजन्म' या रकान्यात सरकली, तर नवजात मृत्युदर कागदावर घसरेल आणि एकही बाळ वाचलेलं नसेल.

म्हणून गडचिरोलीच्या अभ्यासात प्रसूतीच्या आसपासचा, मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातली मरणं मिळून होणारा दरही मोजला गेला. मरणं नुसती एका रकान्यातून दुसऱ्यात गेली असती, तर हा दर जागचा हलला नसता. तो हलला, आणि भरपूर हलला. एखादा अहवाल नवजात मृत्यू घटल्याचं सांगत असेल, तर मृतजन्मांचं काय झालं हे आधी विचारा. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

चाळीस मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा निम्म्याहून जास्त, म्हणजे २१ बाळं, जंतुसंसर्ग आणि न्यूमोनियानं गेल्याचं दिसलं. जन्मताना गुदमरून ८, फारच अपुऱ्या दिवसांची म्हणून ६. वजनाची कमतरता तर घरोघरी होती. दर पाचांपैकी दोन बाळं अडीच किलोच्या आतली. पण नुसत्या कमी वजनानं बाळ जात नाही. कमी वजनाच्या बाळाला थंडी भरते, दूध ओढायला ताकद राहत नाही, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि मग ते जातं. वजन एका रात्रीत वाढवता येत नाही. पुढची कडी मात्र तोडता येते. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला सर्वांत उपयोगी विचार हाच.

सात खुणा

प्रत्येक गावातली एक बाई निवडली गेली. शिक्षण पाचवी ते दहावी. नाव दिलं आरोग्यदूत. ती बाळंतपणाला दाईच्या शेजारी हजर राहायची, मग महिनाभर ठरावीक दिवशी घरी जायची. वजन, ताप, श्वास, दूध ओढणं, बेंबी. बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर काय करायचं, हे तिला शिकवलं होतं: सुरुवातीच्या काळात नळी आणि मुखवटा, पुढे हातानं दाबायची पिशवी आणि मुखवटा. कमी वजनाच्या बाळाला उबदार झोळीत ठेवायचं आणि पहिला चीक फेकू न देता लगेच अंगावर पाजायचं.

जंतुसंसर्ग ओळखायला तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, सात खुणा होत्या. रडणं क्षीण झालं किंवा बंद पडलं. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. बाळ मलूल किंवा बेशुद्ध. अंग तापलेलं किंवा गार. कातडीवर किंवा बेंबीत पू. जुलाब, सततची उलटी किंवा पोटफुगी. कण्हणं किंवा छाती खोल आत ओढली जाणं. यातल्या कुठल्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर तो जंतुसंसर्ग धरायचा.

पहिल्या दोन खुणा पुन्हा वाचा. रडणं 'क्षीण झालं', ओढणं 'कमी झालं'. बाळ आधी कसं होतं हे माहीत असल्याशिवाय हे सांगता येत नाही. आठव्या दिवशी बाळाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरला ते कळणार नाही. आईला कळतं, आणि पहिल्या दिवसापासून घरी येणाऱ्या बाईला कळतं. वारंवारच्या भेटी आणि निदान ही दोन वेगळी कामं नाहीत.

दुसऱ्या वर्षी सुई आली. खुणा दिसल्या की आरोग्यदूत आधी सांगायची, दवाखान्यात न्या. आईबाप तयार नसले तर त्यांची लेखी संमती घेऊन ती घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायची, तोंडानं को-ट्रायमोक्साझोल. दहावीपर्यंत शिकलेली बाई चार-सहा दिवसांच्या बाळाच्या मांडीत सुई टोचते, ही कल्पना डॉक्टरमंडळींना पचणं कठीण होतं आणि मला तो विरोध निव्वळ हेकटपणाचा वाटत नाही. जेंटामायसिनचं प्रमाण चुकलं तर कानावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर मात्र 'सुई नकोच' असं होत नव्हतं, कारण त्या घरात सुईशिवाय दुसरा उपचार पोचतच नव्हता. एका पारड्यात औषधाचा धोका आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं मांडून चालत नाही. दुसऱ्या पारड्यात दर सहा आजारी बाळांमागे एकाचं मरण होतं.

तेही मोजलेलं आहे. इंजेक्शन सुरू होण्याआधी जंतुसंसर्गाच्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं.

तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत ही सेवा पोचत होती. १९९७-९८ मध्ये हस्तक्षेपाच्या गावांतला नवजात मृत्युदर होता हजारी २५.५ आणि तुलनेच्या गावांत ५९.६. निव्वळ घट, म्हणजे तुलनेच्या गावांतला बदल हिशेबात धरून, ६२ टक्के. अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचा, ३८.८ वर आला. प्रसूतीच्या आसपासचा दर ४७.८, निव्वळ घट ७१ टक्के. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर. दर अठरा बाळांच्या काळजीमागे एक मरण टळलं. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

शंका घ्यायलाच हव्यात

मी या कामाची भक्त आहे, पण वर्गात भक्ती शिकवत नाही.

गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. हस्तक्षेपाच्या भागात संस्थेवरचा विश्वास आधीपासून होता. देखरेख इतकी कसून होती, की तशी सरकारी यंत्रणेत क्वचितच दिसते. सुरुवातीचे दर दोन्हीकडे सारखे होते ही जमेची बाजू, पण चिठ्ठ्यांची जागा ती पूर्ण भरून काढत नाही.

पुढे इतर ठिकाणी जे झालं त्यानं चित्र अधिक गुंतागुंतीचं केलं. बांगलादेशात सिल्हेटमध्ये घरभेटी आणि इंजेक्शनं दोन्ही होती, घट ३४ टक्के. पाकिस्तानात हाला इथे सरकारी आरोग्यसेविकांकडून काम करून घेतलं, इंजेक्शनं नव्हती, घट १५ टक्क्यांच्या आसपास. इथवर वाचून मी म्हणू शकले असते, बघा, सुई काढली की परिणाम गेला. पण उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये प्रतिजैविकं दिलीच नव्हती. भर होता बाळाला ऊब देण्यावर, आईच्या अंगाला अंग लावून ठेवण्यावर, लगेच स्तनपानावर. तिथे गावं चिठ्ठ्या टाकून वाटली होती आणि घट होती ५४ टक्के.

म्हणजे जादू एकट्या सुईत नव्हती. या सगळ्या अभ्यासांना शेजारी शेजारी ठेवून माझं मत असं झालंय, की गडचिरोलीत एकाच बाईच्या हातात पूर्ण साखळी होती. तीच बाळाला पहिल्या दिवसापासून बघायची, तीच बदल ओळखायची, तीच तिथल्या तिथे काहीतरी करू शकायची, आणि तीच नोंद करायची. कुठल्याही दोन कड्यांच्या मध्ये रस्ता, वाहन किंवा दुसऱ्या कुणाची ड्युटी नव्हती.

देशभर गेल्यावर

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळांच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारची घरच्या घरी नवजात काळजीची मार्गदर्शिका निघाली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीतल्या ३९ गावांतून निघालेली गोष्ट देशातल्या खेडोपाडी गेली. हे थोडं नाही.

पण साखळी वाटली गेली. घरभेट आशाकडे. सुई आशाकडे नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला. आणि मोजणी रजिस्टरकडे.

मोजणीचं काय झालं ते सांगते. २०११ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये मिळायचे, आणि त्यातली एक अट अशी, की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असली पाहिजेत. हेतू चांगला असेल. पण ज्या बाईनं पाच वेळा पायपीट केली आणि बाळ तिसाव्या दिवशी गेलं, तिला तुम्ही काय सांगता आहात? मरण कळवलंस तर पैसे नाहीत. ज्या कामाचा पायाच प्रत्येक मरण नोंदण्यात होता, त्याच्या अटीत मरण लपवण्याचं कारण घातलं गेलं. मला हे वाचून तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकदा वजनांचे रकाने चाळत बसले होते. २.५, २.५, २.५, मध्येच एखादं २.७, पुन्हा २.५. अडीच किलोच्या खाली लिहिलं की कमी वजनाचं बाळ, मग जादा भेटी, जादा कागद. सगळी बाळं काट्यावर नेमकी अडीचलाच थांबत होती. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडून कुणी कधी आकडा परत मागितला नव्हता, फक्त रकाना भरलेला मागितला होता.

काळही बदलला. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातली २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. देशाचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये हजारी २० होता, महाराष्ट्राचा ११. त्यामुळे काही जण म्हणतात, की घरच्या काळजीचा मुद्दा आता संपला. मला तसं वाटत नाही. बाळ दवाखान्यात जन्मतं आणि दोन-तीन दिवसांत घरी येतं. जंतुसंसर्ग त्यानंतरही होतो. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुका तुटतो, आणि त्या दिवशी बाळ कुठे जन्मलं होतं याला काही अर्थ उरत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका आशाताईबरोबर मी चौदाव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. आत अंधार, कोपऱ्यात शेगडी, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. आई म्हणाली, "सकाळपासून निजलाच आहे, गुणी आहे." आशाताईनं हात धुतले, करंगळी बाळाच्या ओठांना लावली. बाळानं ओढली नाही. तिनं दुपटं सोडून तळव्याला टिचकी मारली, पाय हलला नाही नीट. काखेत थर्मामीटर. ९४.८. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दोन झाल्या." खरं तर तीन.

एएनएम बाई त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होत्या. उपकेंद्राच्या कपाटात औषध होतं, चावी त्यांच्याकडे. १०२ ला फोन केला, गाडी दुसरीकडे गेलेली. अडीच तास आम्ही थांबलो. आशाताईनं बाळाचे कपडे काढून त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून घोंगडी, आणि दर पंधरा मिनिटांनी ती घोंगडीत हात घालून पोटाला स्पर्श करून बघत राहिली. वाटीत दूध काढून थेंब थेंब पाजायचा प्रयत्न केला, दोनदा बाहेर आलं, तिसऱ्यांदा थोडं गेलं. गाडी आली तेव्हा बाळाचं अंग ९६ च्या वर होतं.

दहा दिवसांनी ते घरी आलं. अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताईनं झोळीचा काटा तुळईला अडकवला, बाळ झोळीत घातलं, आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राहिली. मग फॉर्मवर लिहिलं: २ किलो ३५० ग्रॅम. सासूबाई वाकून म्हणाल्या, "अडीच लिही की, काय फरक पडतो." तिनं मान हलवली आणि आकडा गिरवून ठळक केला.